शेकरूचे नाव-गाव



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘शेकरूचे नाव-गाव’ असा जाहीर झाल्यावर, यावर तासभर बोलण्याजोगे काय आहे, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. शेकरूला शेकरू म्हणतात, ते भीमाशंकरच्या रानात राहते, नाव सांगितले, गावही सांगितले, पुढे काय? परंतु नाव आणि गाव या गोष्टी वाटतात तितक्या साध्या नसतात. सातबाऱ्यावर नावातले एक अक्षर चुकले तर काय होते, हे या सभेत बसलेल्या शेतकरी मंडळींना आम्ही सांगायला नको. प्राण्यांचाही एक सातबारा असतो. तो लॅटिन भाषेत लिहिलेला असतो. नोंद कोणी केली आणि कोणत्या साली केली, हेही त्यात असते. आणि त्यात चूक झाली की तिचा भुर्दंड प्राण्याला भरावा लागतो. त्या सातबाऱ्याची थोडी फोड आज करावयाची आहे.

दूर कशाला, समोरचा डोंगरच घ्या. आज आपण त्याला लेण्याद्री म्हणतो. कोणी गणेश लेणी म्हणतो, कोणी गणेश पहाड. स्थलपुराणात जीर्णापूर आणि लेखन पर्वत अशी नावे येतात, आणि इथल्याच एका ब्राह्मी लेखात त्याचे नाव कपिचित असे आहे. कपी म्हणजे वानर. गिरिजात्मजाच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकांच्या हातचा प्रसाद आजही ज्यांच्या तावडीतून सुटत नाही, त्यांच्याच पूर्वजांवरून हे नाव पडले असेल, तर नाव देणाऱ्याची नजर बरी होती म्हणायची! डोंगर एक आणि नावे सहा. पण डोंगर जागचा हलत नाही. बोट दाखवून ‘हा’ म्हटले की काम भागते. प्राण्याचे तसे नाही. तो एका रानातून दुसऱ्या रानात जातो, वेगवेगळ्या मुलखांत त्याला वेगवेगळी नावे मिळतात, आणि कधी एकच नाव दोन वेगळ्या प्राण्यांना मिळते. आपल्याकडे शेकरू, कुठे शेकरा. मलयाळीत तोच प्राणी मलयण्णान, म्हणजे डोंगरातली खार. शिवाय आपल्यातलेच कितीतरी लोक त्याला उडती खार समजतात. उडती खार हा निराळा प्राणी. ती रात्री हिंडते आणि अंगाची कातडी ताणून तरंगत खाली येते. शेकरू दिवसाचे आहे आणि ते उडी मारते. कधीकधी पाचसहा मीटरांची, पण उडीच.

लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, एक लहानसा लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, एवढाच त्याचा आशय. हेरणिक म्हणजे सोनार म्हणा किंवा खजिनदार म्हणा. त्या एका ओळीत दात्याचे नाव आहे, बापाची ओळख आहे, गाव आहे आणि काय दिले तेही आहे. सुमारे अठराशे वर्षे झाली, कल्याणचा तो बाजार गेला, पण ओळ राहिली, आणि तिच्यामुळे चैत्यगृह कोणाचे याबद्दल आज वाद नाही. शास्त्रीय नाव ही अशीच एक ओळ असते. हे साम्य आम्ही ओढूनताणून आणीत नाही. नोंद टिकावी म्हणून माणसे जेव्हा विचार करतात, तेव्हा ती बहुधा याच चार गोष्टींपाशी येऊन थांबतात.

स्वीडनचा कार्ल लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सर्व प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या व्यवहारात आडनाव आणि नाव असते तसेच, फक्त आडनाव आधी. त्यापुढे नाव देणाऱ्याचे नाव आणि साल. प्राण्यांच्या नावांचा कारभार तेव्हापासून सुरू झाला असे धरतात. ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव खरे, हा त्यातला मुख्य कायदा. त्याला अग्रहक्काचा नियम म्हणू. नावाला आधार लागतो तो एका मूळ नमुन्याचा, आणि तो नमुना जिथला असेल ते स्थळ म्हणजे त्या नावाचे गाव. पुढे शंका आली की पंडितांना त्या नमुन्यापाशी आणि त्या गावापाशी परत यावे लागते.

आता शेकरूकडे वळू.

खारीला लिनियसच्या वेळेपासून स्कियुरस म्हणत आले. शब्द मूळचा ग्रीक आहे. आपल्याच शेपटीच्या सावलीत बसणारा, असा त्याचा अर्थ. शेकरूइतका हा शब्द दुसऱ्या कोणत्या खारीला शोभत असेल असे आम्हांला वाटत नाही. धड हातभर, शेपूट त्याहून लांब, वजन दीडदोन किलो. झाडाच्या शेंड्याला बसले म्हणजे ते लोंबते शेपूट आधी दिसते आणि प्राणी मागाहून.

१७७१ साली टॉमस पेनंट या वेल्श लेखकाने चतुष्पादांवरच्या आपल्या ग्रंथात या प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला ‘मुंबईची खार’ म्हटले. पण ते इंग्रजी नाव होते; लॅटिन दफ्तरात त्याची किंमत नव्हती. जर्मनीत गोटिंगेन येथे अर्क्सलेबेन नावाचा प्राध्यापक होता. त्याने १७७७ साली सस्तन प्राण्यांची मोठी यादी छापली आणि तिच्यात या खारीला स्कियुरस इंडिकस, म्हणजे हिंदुस्थानची खार, असे नाव दिले. त्याच वर्षी तो वारला. वय अवघे तेहतीस. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. पण नाव त्याचे लागले ते लागलेच. पुढे १८६७ साली लंडनच्या ग्रे या पंडिताने राटुफा अशी वेगळी प्रजाती केली, आणि या थोरल्या खारींची सोय तिच्यात झाली. राटुफा हा शब्द स्त्रीलिंगी मानतात, म्हणून इंडिकस होता तो इंडिका झाला. लिहिताना राटुफा इंडिका, पुढे कंसात अर्क्सलेबेन, १७७७. तो कंस शोभेचा नाही. नाव देणाऱ्याने प्राण्याला ज्या घरात ठेवले होते, तिथून तो दुसऱ्या घरी गेला, एवढे तो कंस सांगतो. आपल्याकडे फेरफाराची नोंद होते, तसेच हे.

मात्र गावाचा घोटाळा इथेच सुरू होतो. नावाचे गाव लिहिले आहे मुंबई. मुंबई बेटावर शेकरू कोठून येणार? त्याला लागतात उंच, सदाहरित, एकमेकांना भिडलेली झाडे. त्या काळी मुंबई हे बंदराचे नाव. आतल्या मुलखातून येणारा माल बंदराच्या नावाने ओळखला जाई. हे कातडे कोणत्या घाटातून खाली उतरले, हे ते कातडेच जाणे!

यानंतर या हकीकतीत आपल्या ओळखीचा माणूस येतो. विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, मृत्यू १८७२. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या फौजेत होता, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा पलीकडच्या बाजूला उभा होता; त्याबद्दल त्याला नावे ठेवायची तर ठेवावी. पण १८२४ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या सरकारने त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले, आणि ते काम त्याने अशा निष्ठेने केले की आपण त्याचे ऋणी आहो. माणसे, शेते, जमीनमहसूल, पाऊस, वारा, पक्षी, मासे, चतुष्पाद. दिसेल ते त्याने टिपले. उन्हाळ्यात तो आपल्या उत्तरेच्या हरिश्चंद्रगडावर मुक्काम करी. तिथे कड्याखालच्या धुक्यात त्याने गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली पाहिली, आणि ते वर्णन १८३५ साली रॉयल सोसायटीत प्रसिद्ध झाले. ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो, तेच हे. गडावर जाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१८३१ साली साइक्सने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे ठेवली. घाटातल्या दाट जंगलात राहणाऱ्या तांबूस तपकिरी खारीला त्याने तीत स्कियुरस एल्फिन्स्टोनी असे नाव दिले. ज्याने नोकरी दिली त्याचे नाव खारीला दिले. खुशामत म्हणा, कृतज्ञता म्हणा. मुंबईचे एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ साली प्रभादेवी झाले. ते नाव नंतरच्या दुसऱ्या एका एल्फिन्स्टनचे होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. स्थानकाचे नाव सरकारी हुकमाने बदलते. प्राण्याचे शास्त्रीय नाव आवडले नाही म्हणून बदलण्याची सोय नियमात नाही. आम्हांला हे एका अर्थी बरे वाटते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गेले, तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो, तरी तालुका आंबेगावच राहिला. म्हणून तर जुने कागद नव्या कागदांशी जुळतात.

साइक्सचा एक गुण विशेष सांगण्याजोगा आहे. तो लोकांना नाव विचारीत असे आणि ते लिहून ठेवीत असे. जंगली कुत्र्याला मराठे कोळसून म्हणतात, हे त्याने नोंदवले. त्याला त्याने शास्त्रीय नाव दिले त्यात दख्खन घातले: कॅनिस दुखुनेन्सिस. लांडग्याच्या पायांचा फिका रंग पाहून त्याला त्याने पॅलिपेस म्हटले. त्याच्या पुढच्या वर्षीच्या पक्ष्यांच्या यादीतल्या एका चंडोलाला त्याने नाव दिले ते चक्क ‘देवा’! माशांच्या बाबतीत तर त्याने कमालच केली. पुणे प्रांतातल्या नद्यांचे मासे त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले तेव्हा भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची नावे जशी कानावर पडली तशी इंग्रजी अक्षरांत उतरवली आणि तीच शास्त्रीय नावे करून टाकली. सींगटी, आळकुटी, खुद्री, कोलुस, नुक्ता, मुसुल्ला. उच्चार वाकडेतिकडे झाले आहेत, पण मूळ लपत नाही. जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ, मग तो जपानी असो की ब्राझीलचा, हे मासे लिहिताना आपल्या नदीकाठची बोली लिहीत असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

पण नाव देणे निराळे आणि ते टिकणे निराळे. कोळसुनाला रशियातल्या पालासने साइक्सच्या वीस वर्षे आधी, १८११ सालीच, नाव देऊन ठेवले होते. अग्रहक्काच्या नियमाने पालासचे नाव जातीला लागले आणि आपले दुखुनेन्सिस तिसऱ्या जागी, उपजातीचे नाव म्हणून उरले. शेकरूचेही तसेच झाले. अर्क्सलेबेनची खार आणि साइक्सची खार एकाच जातीच्या, असे ठरल्यावर एल्फिन्स्टोनी खाली घसरले. राटुफा इंडिका एल्फिन्स्टोनी: जात इंडिका, तिची ही एल्फिन्स्टनी उपजात.

उपजात म्हणजे काय, हे आता सांगितले पाहिजे. एका जातीचे प्राणी निरनिराळ्या मुलखांत दीर्घकाळ राहिले की रंगारूपात थोडे वेगळे होतात. एकत्र आले तर त्यांचा वंश चालेल, पण पाहणाऱ्याला हा अमक्या मुलखातला आणि तो तमक्या, हे ओळखता येते. अशा वस्तीला उपजात म्हणतात. शेकरूच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसतो. उत्तर सह्याद्रीतल्या शेकरूची पाठ तांबूस तपकिरी, पोट फिके, शेपटीचे टोकही फिके. दक्षिणेकडे जावे तसा पाठीवर आणि शेपटीवर काळा रंग चढत जातो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली. तीतून आलेल्या कातड्यांवरून कॅथलीन रायली या बाईंनी १९१३ साली मध्य हिंदुस्थानातल्या शेकरूला सेंट्रॅलिस हे उपजातीचे नाव दिले. आपल्या मेळघाटातले शेकरू त्या बाजूचे. पुढे १९५२ साली हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी त्याच सोसायटीच्या नियतकालिकात या सर्व उपजातींचा नव्याने धांडोळा घेतला.

या उपजातींतल्या एकीची गोष्ट चटका लावणारी आहे. नाशिकच्या पलीकडे, डांगच्या जंगलात, अगदी फिक्या, पांढरट रंगाची शेकरे होती. ब्लॅनफर्डने १८९७ साली त्यांना डिअल्बाटा हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पांढरी केलेली. भिंतीला चुना देतात तशी. डांगची उंच झाडे तुटत गेली. पुढे ही शेकरे शोधूनही सापडेनात, आणि ती नाहीशी झाली असे आता मानतात. यादीत नाव आहे, कपाटात कातडे आहे, रानात प्राणी नाही.

मग आमचा मुद्दा असा. अलीकडच्या काही याद्यांत एल्फिन्स्टोनी ही उपजात स्वतंत्र धरीत नाहीत. ती इंडिकातच मिळवून टाकतात. यात तर्क आहे. इंडिकाचे गाव मुंबई, म्हणजे मुंबईमागचा सह्याद्री. एल्फिन्स्टोनीचे गावही सह्याद्रीच. दोन्ही नावे एकाच घाटाकडे बोट दाखवीत असतील, तर जुने नाव राहणार आणि नवे जाणार. दुसरीकडे आपल्या वनखात्याच्या पुस्तिकांत आणि भीमाशंकरच्या माहितीत एल्फिन्स्टोनी हेच नाव अभिमानाने चालते. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांत आणि घाटाखाली ठाणे-रायगडच्या हद्दीत पसरलेले. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तेव्हा ‘हे शेकरू जगात इतरत्र कुठे नाही, म्हणून ते राखले पाहिजे,’ असे आपण शाळेतल्या मुलांना शिकवतो. उद्या यादी करणाऱ्याने लंडनमध्ये किंवा अमेरिकेत बसून एक ओळ खोडली, तर आपल्या त्या ‘म्हणून’चे काय होणार?

कोणी म्हणेल, ही पंडितांची हमरीतुमरी आहे. प्राण्याला तिच्याशी काय कर्तव्य? त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो, एक लांबचे, एक अगदी घरचे.

लांबचे उदाहरण समुद्रसिंहाचे. सर्कशीत नाकावर चेंडू तोलून धरणारा जो कातडीदार जलचर आपण चित्रांत पाहतो, तो बहुधा कॅलिफोर्नियाचा समुद्रसिंह. त्याचे नाव झॅलोफस कॅलिफोर्निएनस. जातीचे नाव लेसन या फ्रेंच पंडिताने १८२८ साली दिलेले. तसाच एक प्राणी जपानच्या किनाऱ्यावर होता. बर्लिनच्या पीटर्सने त्याला १८६६ साली जपोनिकस म्हटले. तिसरा गॅलापागोस बेटांवर. त्याला १९५३ साली नाव मिळाले. पुढे पुष्कळ वर्षे पंडितांनी तिघांना एकाच जातीत घातले आणि जपानचा व गॅलापागोसचा या दोघांना उपजातींच्या पायरीवर बसवले. जपानचा समुद्रसिंह विसाव्या शतकाच्या आरंभी कातडी आणि तेल यांसाठी बेसुमार मारला गेला. १९५० च्या सुमारास जपानच्या समुद्रातल्या एका बेटावर थोडे उरले होते, त्यानंतर तेही दिसेनासे झाले. कॅलिफोर्नियाचे समुद्रसिंह लाखांनी आहेत; जात सुखरूप आहे, एक टोक गेले, असे कोणालाही म्हणता आले असते. जुन्या हाडांतून आनुवंशिक द्रव्य काढून २००७ साली तपासणी झाली तेव्हा दिसले की, जपानचा प्राणी पुरेसा वेगळा होता आणि त्याला स्वतंत्र जात मानणेच योग्य. जात ठरली, पण ज्याची जात ठरली, तो केव्हाच संपला होता.

घरचे उदाहरण घोड नदीचे आहे. लेण्याद्रीच्या पायथ्याची कुकडी पुढे घोडेला मिळते आणि घोड भीमेला. साइक्सला शिरूरजवळ, घोडेच्या पात्रात, एक मोठा मासा मिळाला. त्याचे नाव त्याने बार्बस मुसुल्ला असे ठेवले. आता तिकडे दक्षिणेत कावेरी नदीत पाठीला कुबड असलेला एक प्रचंड महसीर मासा आहे. गळ टाकून मासे धरणाऱ्या साहेबलोकांत तो जगप्रसिद्ध होता. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे सुंदरलाल होरा फार मोठे मत्स्यशास्त्रज्ञ. त्यांनी १९४३ साली साइक्सचे मुसुल्ला हे नाव या महसीरांच्या गटात बसवले, आणि कावेरीचा कुबडा मासा त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. पुढच्या पंडितांना शंका आली. साइक्सचे वर्णन कुबड्या महसीराशी जुळेना. घोडेचा मासा हिप्सेलोबार्बस या निराळ्याच प्रजातीचा दिसू लागला. मग कावेरीच्या माशाला नाव कोणते? कोणतेच नाही! इतका मोठा, इतका गाजलेला मासा, आणि सातबारा कोरा.

हा नुसता विनोद नव्हता. त्याच काळात लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली खुद्री महसीराची पिले दूरदूरच्या नद्यांत सोडली जात होती. ती कावेरीतही गेली. हा खुद्री म्हणजे पुण्याच्या मुळामुठेतून साइक्सनेच नोंदवलेला मासा. खुद्री कावेरीत फोफावला आणि कुबडा महसीर झपाट्याने कमी झाला. धोक्यातल्या प्राण्यांची जी जागतिक लाल यादी आहे, तीत निनावी प्राण्याची नोंद करता येत नाही. शेवटी २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिले की, केरळातल्या पांबार नदीतून थोड्याच वर्षांपूर्वी टॉर रेमादेवी या नावाने वर्णन केलेला मासा आणि कावेरीचा कुबडा महसीर एकच. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतल्या के. रेमादेवी या विदुषींच्या सन्मानार्थ ते नाव दिलेले आहे. नाव मिळाले आणि त्याच वर्षी लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी त्याची नोंद झाली. घोडेच्या काठावर लागलेले एक नाव भलत्याच माशाला जाऊन चिकटले आणि तिकडे शेकडो मैलांवर खऱ्या माशाची दाद लागेना, असा हा प्रकार.

तेव्हा नावाला महत्त्व नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण शेकरूच्या बाबतीत नावावर सारा भार टाकणे आम्हांला धोक्याचे वाटते. भीमाशंकरचे शेकरू वेगळ्या उपजातीचे ठरो की न ठरो, त्याची अडचण तीच राहते. त्याला जमिनीवर उतरणे आवडत नाही. झाडाच्या शेंड्याशेंड्यांवरून जावे लागते. मध्ये रस्ता आला, शेंडे तुटले, की पलीकडचे रान त्याला समुद्रापलीकडच्या बेटासारखे. ते काड्यापाल्याची मोठी घरटी उंच फांद्यांच्या टोकांना बांधते, आणि एकच नव्हे, अनेक बांधते. रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरात वर्षानुवर्षे शेकरूंचा अभ्यास केला. हे प्राणी बियांचा साठा जमिनीत न पुरता झाडावरच करून ठेवतात, असे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत दिसले. म्हणजे घर वर, वाट वर आणि कणगीही वर. भीमाशंकरच्या अंजनीची, जांभळांची, हिरड्यांची दाटी टिकली तर हे सारे टिकते. आहुप्यासारख्या गावांच्या देवरायांत ही दाटी महादेव कोळी समाजाने देवाच्या धाकाने का होईना, राखली. त्यांनी राखली ती इंडिकासाठी नाही आणि एल्फिन्स्टोनीसाठीही नाही.

आणखी एक गोष्ट. शास्त्राच्या दफ्तरात खोडलेले नाव फाडून फेकीत नाहीत. ते समानार्थी नाव म्हणून मूळ नावाखाली लिहून ठेवतात. उद्या कोणी भीमाशंकरचे, कोयनेचे, कारवारचे आणि निलगिरीचे शेकरू घेऊन त्यांचे आनुवंशिक द्रव्य जुळवून पाहिले आणि उत्तर सह्याद्रीचे शेकरू खरोखर वेगळे निघाले, तर नवे नाव शोधावे लागणार नाही. साइक्सचे १८३१ चे नाव खणातून काढून पुसून वर ठेवता येईल. लांडग्याच्या बाबतीत तशी चिन्हे दिसतही आहेत. आपल्या माळरानावरचा लांडगा जगातल्या लांडग्यांच्या फार जुन्या शाखांपैकी एक आहे, असे २०२१ सालच्या आनुवंशिक अभ्यासात दिसून आले. त्याला स्वतंत्र जात मानायचे ठरले, तर दख्खनच्या लांडग्याला साइक्सने दिलेले पॅलिपेस हे नाव तयारच आहे. शेकरूबद्दल मात्र असा निकाल हाती येईपर्यंत कोणत्याही बाजूने छातीठोकपणे बोलू नये, असे आमचे मत आहे.

व्याख्यान संपल्यावर नेहमी एक प्रश्न येतो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. ‘आमच्या शाळेच्या भिंतीवर शेकरूचे चित्र काढले आहे, त्याखाली कोणते नाव लिहावे?’ दोन शब्दांचे नाव कोणत्याही यादीत बदललेले नाही, तेव्हा तेच लिहावे: राटुफा इंडिका, पुढे कंसात अर्क्सलेबेन, स्वल्पविराम, १७७७. जागा उरली तर खाली बारीक अक्षरांत ‘उत्तर सह्याद्रीतील या शेकरूला साइक्सने १८३१ मध्ये एल्फिन्स्टोनी म्हटले’ असे लिहावे; ते खोटे ठरण्याची भीती नाही. आणि या सर्वांच्या वर, लांबून वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत, शेकरू.